गरिबी आणि बालपणाची पहिली सहा वर्षे

गरिबीचा भार घरातल्या सगळ्यांवर पडतो, पण तो सारखा पडत नाही. सहा वर्षांखालच्या मुलावर तो सर्वांत जास्त पडतो, कारण त्या वयात शरीर आणि मेंदू ज्या वेगाने वाढतात तो वेग पुढे आयुष्यात कधीच येत नाही. जन्माच्या वेळचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. दोन वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या मोठेपणीच्या उंचीच्या जवळपास निम्मी असते. जन्मतः मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या साधारण पाव हिश्श्याइतके असते. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि सहाव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या घरात जाते. या काळात अन्न कमी पडले, आजारपण वारंवार आले किंवा मुलाकडे बघायला कोणी मोकळे नसले, तर राहून गेलेली वाढ नंतर पुरती भरून निघत नाही. मोठ्या माणसाने एक दुष्काळी वर्ष अर्धपोटी काढले तरी पुढच्या सुगीत तो सावरू शकतो. दहा महिन्यांच्या मुलाचे ते वर्ष मात्र कायमचे गेलेले असते.

गरिबी लहान मुलापर्यंत पोहोचते ती बहुतेक वेळा आईच्या वाटेने. आईचे शरीर, आईचा वेळ आणि आईची मजुरी या तीन ठिकाणी जी ओढाताण असते, तीच मुलाच्या वजनात आणि उंचीत उतरते. म्हणून मुलाला वाटीभर खाऊ देऊन हा प्रश्न सुटत नाही. मूल, त्याची आई आणि आईचे काम यांचा एकत्र विचार करणारे उपायच टिकतात. महाराष्ट्रातील अनुभव या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणाऱ्या या राज्यात कुपोषण मोठे आहे, आणि त्यावरचे काही मोलाचे उपायही याच मातीत निघाले आहेत.

हातात पैसा नसणे ही गरिबीची व्याख्या मुलांच्या बाबतीत अपुरी पडते. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक उत्पन्नाऐवजी पोषण, बालमृत्यू, शालेय शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, पाणी, शौचालय, घर अशा १२ निकषांवर वंचितता मोजतो. २०१९-२१ च्या माहितीनुसार या निर्देशांकात महाराष्ट्रातील ७.८ टक्के लोक गरीब ठरतात. त्याआधी पाच वर्षांपूर्वी झालेल्या पाहणीत हेच प्रमाण १४.८ टक्के होते. ही सुधारणा खरी आहे. मात्र ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे हे आकडे काढले, त्याच पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, ३६ टक्के मुले कमी वजनाची आणि सुमारे २६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आढळली. ६ महिने ते ५ वर्षे या वयातील ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता.

या दोन चित्रांतले अंतर बरेच काही सांगते. शौचालय, वीज, बँकेतले खाते या गोष्टी घरात येऊ शकतात आणि तरीही त्या घरातल्या तान्ह्या मुलाच्या ताटात डाळ, अंडे, दूध, भाजी येत नाही. देशभरात ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले केवळ ११ टक्के आहेत. म्हणजे कुपोषण गरीब घरांपुरते मर्यादित नाही. तरीही त्याचा मोठा वाटा गरिबांच्याच पदरी येतो. देशातील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत ४६ टक्के मुले खुजी आहेत, तर सर्वांत सधन पंचमांशात २३ टक्के. आदिवासी पट्टे, शहरांतील झोपडपट्ट्या आणि हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे ही या विषमतेची ठळक ठिकाणे होत.

नुकसानीची सुरुवात जन्माआधी होते. महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले असते. स्वतःचीच वाढ पूर्ण न झालेली मुलगी गरोदर राहते तेव्हा तिच्या शरीरात तिची स्वतःची गरज आणि बाळाची गरज यांच्यात ओढाताण होते. राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात घरात सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले खायचे, डोक्यावर हंडे वाहायचे आणि दिवस भरेपर्यंत मजुरीला जायचे, हे चालूच राहते. अशा आईचे बाळ अडीच किलोच्या खालीच जन्मण्याची शक्यता बरीच वाढते. कमी वजनाच्या बाळाला थंडी लवकर बाधते, दूध ओढण्याची ताकद कमी असते आणि जंतुसंसर्ग झाला तर तो चटकन सर्वांगात पसरतो. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या मुलांपैकी बरीचशी पहिल्या महिन्यातच दगावतात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

जन्मानंतरचे पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर काढायचे असतात. गरीब घरातील बहुतेक आया अंगावर पाजतातच. अडचण येते ती काम पुन्हा सुरू करावे लागते तेव्हा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आहे, पण ती संघटित क्षेत्रातील स्त्रियांपुरती. शेतमजूर, वीटभट्टीवरची कामगार, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी महिना-दोन महिन्यांत कामावर परतणे हीच रीत आहे. मग बाळ घरी राहते आणि दूध चार-पाच तासांनी मिळते, किंवा बाळ कामावर येते आणि ऊन, धूळ, माश्या यांच्यात पडून राहते.

सहा महिने ते दोन वर्षे हा काळ सर्वांत नाजूक आहे. लुकडेपणा आणि खुजेपणा या दोन्हींची पाळेमुळे मुख्यतः याच दीड वर्षात रुजतात. मुलाचे पोट लहान असते. एका वेळी ते वाटीभरच खाऊ शकते. त्यामुळे त्याला दिवसातून तीन-चार वेळा, घट्ट, तेल-तूप घातलेले, डाळ-अंडे-भाजी असलेले मऊ अन्न कोणी तरी शेजारी बसून भरवावे लागते. गरीब घरात चूल बहुधा दोनदा पेटते. पहाटे थापलेल्या भाकरीचा तुकडा पातळ कालवणात किंवा चहात बुडवून मुलाच्या हातात दिला जातो. भरवायला घरी असते ती सात-आठ वर्षांची ताई, जी स्वतः शाळेत असायला हवी. मूल कुरकुरले तर पाच रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट आणले जाते. त्याने रडणे थांबते, पण वाढीला लागणारे त्यातून काहीच मिळत नाही. आई अजाण असते असे नेहमी नसते. काय भरवायला हवे हे पुष्कळ आयांना अंगणवाडीतून कळलेले असते. ते करायला लागणारा वेळ आणि साहित्य हाताशी नसते.

अन्नाच्या जोडीला आजारपण येते. दूषित पाणी, उघडी गटारे आणि मातीच्या जमिनीवर रांगणे यांमुळे हगवण वरचेवर होते. दर हगवणीत मूल दोन-चार दिवस खात नाही, आणि खाल्लेले अंगी लागत नाही. सतत जंतूंशी झुंजणाऱ्या आतड्याची अन्न शोषून घेण्याची क्षमताही कमी होत जाते. कुपोषित मुलाला न्यूमोनिया, गोवर, मलेरिया अधिक जोराने होतात आणि प्रत्येक आजार त्याला आणखी कुपोषित करतो. मेळघाटाच्या आदिवासी भागात पावसाळ्याचे महिने मुलांसाठी सर्वांत धोक्याचे असतात, ते याच चक्रामुळे: घरातले धान्य संपत आलेले, आई लावणी-निंदणीला गेलेली, नाले भरून रस्ते तुटलेले आणि साथी पसरलेल्या.

गरिबीचा परिणाम मनाच्या आणि बुद्धीच्या वाढीवरही होतो, फक्त तो तराजूवर दिसत नाही. लोह आणि आयोडीन कमी पडले की मेंदूच्या जडणघडणीत थेट उणीव राहते. कुपोषित मूल शांत बसून राहते, आसपासच्या वस्तू हाताळत नाही, माणसांकडे झेपावत नाही. त्यामुळे मोठेही त्याच्याशी कमी बोलतात आणि त्याचे शिकणे दोन्हीकडून मंदावते. बोलणे, गाणे, गोष्ट, लपाछपी, हातात धरायला खुळखुळा, यांतून मेंदूतील जोडण्या घट्ट होतात. याला पैसा फार लागत नाही, पण दमलेली, धास्तावलेली, कर्जाच्या काळजीत असलेली माणसे हे कितीही वाटले तरी दिवसभर करू शकत नाहीत. घरातली मारझोड, दारू, वारंवार बदलणारे घर यांचा ताण लांबला तर तो मुलाच्या झोपेवर, लक्ष देण्याच्या क्षमतेवर आणि स्वतःला आवरण्याच्या सवयीवर परिणाम करतो. याचा अर्थ गरीब घरात प्रेम कमी असते असा नाही. आजीच्या ओव्या, अंगाईगीते, कोरकू, गोंडी, वारली बोलींतल्या गोष्टी हे या मुलांचे धन आहे. शाळा हे धन ओळखत नाही आणि पहिल्याच दिवशी परक्या भाषेत बोलू लागते, तेव्हा हुशार मूलही मुके ठरते.

या सगळ्या कारणांची गुंफण एकाच जागी पाहायची असेल तर उसाचा फड पाहावा. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने एकानेही खाडा केला तर तो अंगावर येतो. बाई पहाटे तीन-चारला उठून कोपीसमोर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोर, चूल पेटवते, पाणी आणते, भाकरी बांधते आणि अंधारातच फडात जाते. तान्हे मूल झोळीत किंवा पाचटावर टाकलेल्या गोधडीवर असते. त्याच्यावर नजर असते ती मोठ्या बहिणीची. आई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि ट्रक रात्री आला तर रात्रीही भरते. मुलाचे नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर असते, जिथे ते सहा महिने नसते. आणि फडाजवळच्या अंगणवाडीच्या पटावर ते नसते, जिथे ते खरोखर राहत असते. या सहा महिन्यांत वजन होत नाही, लस चुकते, आहार थांबतो. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची आणि शहरात बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते.

लहानपणीच्या या उणिवा पुढे किती लांब जातात, याचे भक्कम पुरावे आहेत. ग्वातेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली गेली आणि दोन खेड्यांत कमी उष्मांकांचे, प्रथिने नसलेले सरबत. तीस-पस्तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तेव्हा वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त आढळली. उशिरा, म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुज्या मुलांवर दुसरा प्रयोग झाला. त्यांच्यापैकी काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी खेळत आणि आईला ते खेळ शिकवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी असे कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. पहिला प्रयोग आहाराच्या वेळेचे महत्त्व सांगतो, दुसरा माणसाच्या सहवासाचे. कार्यक्रम आखताना ही दोन्ही सूत्रे एकत्र धरावी लागतात.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची असतात आणि गुरे राखायची असतात, हे दोघींच्या लक्षात आले. मुलांना दोष न देता त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली आणि भावंडांसाठी पाळणाघराची सोय केली. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे आणि बिया, शिंपले, पाने-फुले यांच्यातून शिकवणे हा त्यांचा अभ्यासक्रम होता. आरोग्य, आहार, शिक्षण आणि सांभाळ वेगळे काढता येत नाहीत, ही त्या कामाची शिकवण आजही तितकीच खरी आहे. शहरी बाजूने असेच काम १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशच्या रूपाने, बांधकामाच्या जागीच मुलांसाठी पाळणाघरे काढून सुरू केले. पुढे ते मुंबई आणि पुण्यातही आले.

सरकारी पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीतून द्यायच्या, अशी तिची रचना आहे. आज देशात जवळपास १४ लाख आणि महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आहार योजनांना हक्काचे रूप दिले, आणि डिसेंबर २००६ च्या निकालाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळण्याचा मार्ग मोकळा केला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन घातले.

राज्यात या प्रश्नाला जनमताचा रेटा मिळाला तो बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि १९९३ मध्ये मेळघाट ही नावे घरोघरी पोहोचली. आदिवासी भागांत पावसाळ्याआधी धान्य आणि आरोग्यसेवा पोहोचवण्यासाठी १९९५ साली नवसंजीवन योजना आली. त्याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करत, त्याला ऊब देत, दूध पाजण्यात आईला मदत करत आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच प्रतिजैविक देत. ३९ गावांतल्या या कामामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून १९९८ पर्यंत सुमारे २६ वर आले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला. मोठे रुग्णालय उभे राहीपर्यंत न थांबता मृत्यू रोखता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

२००५ साली महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले आणि पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातील ४६ टक्के मुले खुजी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. ही घसरण मिशन, वाढते उत्पन्न, रस्ते, मुलींचे शिक्षण, संस्थेत होणारी बाळंतपणे या सर्वांच्या एकत्रित परिणामातून झाली. पुढच्या पाच वर्षांत मात्र आकडा ३५ वर रेंगाळला आणि तीव्र लुकडेपणा ९ वरून ११ टक्क्यांकडे गेला. सोपे तेवढे साधून झाले होते; उरलेले काम दुर्गम पाड्यांत, स्थलांतरितांत आणि दोन वर्षांखालच्या मुलांत होते.

कुपोषित मूल ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे. अंगणवाडी सेविका मुलाचा डावा हात सरळ सोडते, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करते आणि तिथे हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांची फीत गुंडाळते. दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर मूल हिरव्या पट्ट्यात; साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण; साडेअकराच्या खाली म्हणजे अति तीव्र कुपोषण, ज्याला सगळीकडे ‘सॅम’ म्हणतात. भूक शाबूत असलेल्या आणि दुसरा आजार नसलेल्या सॅम मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडे थोडे उष्मांकयुक्त अन्न देऊन सावरता येते. ताप, सूज किंवा मंदावलेली भूक असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. तिथे आईला मुलासोबत दोन आठवडे राहावे लागते. घरी आणखी दोन मुले, गुरे आणि बुडणारी मजुरी असताना ती कशी राहील, याचे उत्तर व्यवस्थेने द्यायला हवे. बुडीत मजुरी आणि घरच्या मुलांची सोय झाली नाही तर आई चौथ्या दिवशी मुलाला घेऊन निघते. बरे झालेले मूल त्याच परिस्थितीत परत जाते, तेव्हा काही महिन्यांत फीत पुन्हा लाल दाखवते. म्हणून उपचारानंतरच्या गृहभेटी उपचाराइतक्याच आवश्यक आहेत.

सध्याच्या रचनेतील सर्वांत मोठी उणीव तीन वर्षांखालच्या मुलांबाबत आहे. अंगणवाडीत रोज येऊन बसणारी आणि गरम आहार खाणारी मुले तीन ते सहा वयाची असतात. त्याहून लहान मुलांना घरी नेण्याचा शिधा मिळतो, तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो किंवा चव न आवडल्याने पडून राहतो. म्हणजे ज्या वयात नुकसान सर्वांत जास्त होते, त्याच वयात मदत सर्वांत दूर असते. यावरचा नेमका उपाय पाळणाघर आहे: वस्तीतच, आईच्या कामाच्या वेळेशी जुळणारे, दिवसातून तीन वेळा भरवणारे आणि मुलाशी बोलणारे-खेळणारे. तो झाला तर लहानग्याला अन्न मिळते, आईला निर्धास्तपणे कमावता येते आणि ताईची शाळा सुटत नाही. कायद्यात याची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक स्त्री नेमून तिला मजुरी द्यायची आहे. बांधकामावर कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पाळणाघर सक्तीचे आहे. प्रत्यक्षात अशी पाळणाघरे क्वचितच दिसतात. शिवाय शेतमजुरीला आणि ऊसतोडीला अशा आकड्यांच्या अटी लागूच पडत नाहीत, म्हणून तिथे सरकार आणि कारखान्यांनी मिळून सोय करणे गरजेचे आहे.

दुसरी बाजू आईच्या आहाराची आणि उत्पन्नाची. २०१५ मध्ये आदिवासी भागात सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसून एक पूर्ण जेवण देते आणि मुलांना अंडी किंवा केळी देते. जेवण तिथेच होत असल्याने ते आईच्याच पोटात जाते, हा तिचा मोठा गुण आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये मिळतात. अन्न सुरक्षा कायद्याने मात्र किमान ६,००० रुपयांचा हक्क मान्य केला आहे. ही रक्कम गरोदरपणाच्या शेवटच्या आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांतल्या बुडीत मजुरीच्या जवळ नेली आणि वेळेवर दिली, तर विश्रांती आणि अंगावरचे दूध दोन्ही शक्य होतात. रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळणे, रेशनवर तांदूळ-गव्हासोबत डाळ, तेल आणि ज्वारी-नाचणी मिळणे, परसबाग आणि कोंबड्यांना मदत, जवळ स्वच्छ पाणी आणि मुलींचे लग्न १८ नंतरच होणे व तोवर त्यांचे शिक्षण चालू राहणे, हे सगळे बालपोषणाचेच कार्यक्रम मानायला हवेत.

स्थलांतरित मुलांसाठी नियम सोपा असावा: मूल जिथे आहे तिथल्या अंगणवाडीने त्याला त्याच दिवसापासून आहार, वजन आणि लस द्यावी, आणि त्याची नोंद गावाकडे परतल्यावर सोबत जावी. मोबाइलवरील नोंदवहीमुळे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले आहे. हंगामापुरती जादा सेविका आणि जादा शिधा दिला तर ते प्रत्यक्षातही येईल.

तीन ते सहा या वयासाठी आहाराइतकेच शिकणे महत्त्वाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्याचा अर्थ अंगणवाडीत पाटी-पेन्सिलची घाई करणे असा नाही. मुलाच्या बोलीत गप्पा, गाणी, मातीकाम, मोजणी, चित्रे आणि भरपूर खेळ यांतूनच पुढच्या वाचन-लेखनाची तयारी होते.

या सर्व उपायांचा भार शेवटी ज्या बाईवर येतो ती अंगणवाडी सेविका आहे. ती आहार वाटते, वजने घेते, शिकवते, गृहभेटी देते, मोबाइलवर माहिती भरते आणि इतर खात्यांच्या पाहण्याही करते. मोबदला मानधनाच्या रूपात मिळतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला आणि त्यांच्या कामाचे स्वरूप पूर्ण वेळचे असल्याचे मान्य केले. प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका शिकवण्यासाठी आणि दुसरी तीन वर्षांखालच्या मुलांच्या गृहभेटींसाठी असली, तर कामाचा दर्जा निश्चितच सुधारेल.

एखादी योजना मुलांच्या उपयोगी पडते की नाही, हे तपासण्याच्या कसोट्या यातून ठरतात. ती दुसऱ्या वाढदिवसाआधी मुलापर्यंत पोहोचते का, आईचा वेळ आणि मजुरी वाचवते का, अन्नासोबत मुलाला माणसाचा सहवास देते का, कुटुंब गाव सोडून गेले तरी तिचा लाभ चालू राहतो का, आणि ती राबवणाऱ्या स्त्रीला पुरेसा मोबदला आणि मदत मिळते का, हे पाच प्रश्न प्रत्येक कार्यक्रमाला आणि प्रत्येक अर्थसंकल्पाला विचारावे लागतील. गरिबी एकदम नाहीशी होणार नाही. तोवर तिचा मार सर्वांत लहान अंगावर पडणार नाही एवढी व्यवस्था करणे महाराष्ट्राच्या आवाक्यात आहे, आणि जन्माला आलेल्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे.